आफ्रिकन भाडेकरू नकोत, असं सोसायटी म्हणते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाघोडिया रोडवरच्या एका सोसायटीत प्रश्नकर्त्यांचा टू बीएचके फ्लॅट आहे, स्वतः ते मांजलपूरला राहतात. फार्मसी शिकणाऱ्या दोन टांझानियन मुलींना त्यांनी तो अकरा महिन्यांच्या करारावर दिला. महिना व्हायच्या आत सोसायटीच्या प्रमुखांचा फोन आला, "आफ्रिकन लोकांना ठेवू नका, बाकीच्यांचा विरोध आहे, लवकर खाली करून घ्या." प्रश्नकर्ते लिहितात, "मला स्वतःला काही अडचण नाही. मुली साध्या आहेत, भाडं वेळेवर देतात. पण शेजाऱ्यांशी वाकडं घ्यायचं नाही. सोसायटी मला कायद्याने अडवू शकते का?"

मी बडोद्यात वकिली करते. घरभाड्याची आणि सोसायट्यांची प्रकरणं हे माझं रोजचं काम, आणि बाहेरून शिकायला आलेली मुलंही त्याच वाटेने माझ्याकडे येऊ लागली. कायद्याचं उत्तर देतेच. पण तुमच्या प्रश्नात मला दुसरा एक शब्द जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे 'बाकीच्यांचा'. हे बाकीचे कोण?

माझ्यासमोर बसून "मला काळे लोक नकोत" असं म्हणणारा माणूस क्वचितच भेटतो. दलाल म्हणतो, घरमालक ऐकत नाहीत. घरमालक म्हणतो, सोसायटी ऐकत नाही. प्रमुख म्हणतात, मेंबर चिडलेत. मेंबर म्हणतात, आमचं काही नाही हो, घरातल्या बायका-मुलं घाबरतात. शेवटी दोन मुली बॅगा घेऊन रिक्षास्टँडवर उभ्या असतात आणि त्यांना नाही म्हणालं कोण, हे विचारलं तर कुणीच नाही.

आपल्या गावाला हे नवीन नाही. 1917 साली डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला इथे आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सरायीत वेगळ्या नावाने काही दिवस काढले, तिथून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. मग त्यांनी ओळखीच्या दोघांना विचारलं. एकाने सांगितलं, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्याने सांगितलं, पत्नी बाहेरगावी आहे, तिला विचारावं लागेल. दोघेही मित्र होते, आणि दोघांपैकी एकानेही स्वतःच्या नावाने नकार दिला नाही. गाडीची वेळ होईपर्यंतचे काही तास बाबासाहेबांनी कमाटी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. तुमचं "मला स्वतःला काही अडचण नाही" हे वाक्य मला खरं वाटतं, म्हणूनच सांगते, त्या दोन मित्रांनाही बहुधा स्वतःला काही अडचण नव्हती.

त्यामुळे अशा प्रकरणात माझं पहिलं काम ठरलेलं असतं. नकार कोणाचा आहे, कशासाठी आहे आणि कोणत्या नियमाने आहे, हे कागदावर आणायचं. भेदभाव तोंडी फार सहज चालतो. सही करायची वेळ आली की निम्मे लोक मागे सरतात.

आता कायदा. इथे मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही, कारण घर भाड्याने देण्याच्या बाबतीत आपला कायदा तोकडा आहे. संविधानाचं कलम 15 वंश, धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेद करायला मनाई करतं, पण ते नागरिकांसाठी आहे. कलम 14 आणि 21 मात्र प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत, म्हणजे तुमच्या टांझानियन भाडेकरूंसाठीही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात आणि 2000 मध्ये एका बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. दुसऱ्या प्रकरणात तर रेल्वेला तिला भरपाई द्यावी लागली. अडचण अशी की हे हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतात. खासगी घरमालकाने किंवा सोसायटीने रंगावरून घर नाकारलं तर थेट दाद मागता येईल असा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. वंशभेद निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 1968 मध्ये मान्यता दिली, त्याच्या पाचव्या कलमात घराचा हक्क नावाने लिहिलेला आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2025 ते 2034 हे आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठीचं दुसरं दशकही जाहीर केलं. पण त्या कराराचा हात धरून दिवाणी कोर्टात उभं राहायला देशातला कायदा लागतो, आणि तो व्हायचा आहे. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं.

सोसायटीचे पदाधिकारी कधीकधी 2005 चा एक निकाल पुढे करतात. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीने सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. निकाल खरा आहे. पण तो नोंदवलेल्या बायलॉजबद्दल, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीबद्दल, आणि सभासदत्वाबद्दल आहे. तुमच्या भाडेकरू सभासदत्व मागत नाहीत, सभासद तुम्ही आहात. आणि प्रमुखांचा फोन म्हणजे बायलॉज नव्हे. तेव्हा "सोसायटी अडवू शकते का" याचं उत्तर तुमच्या सोसायटीचे कागद बघितल्याशिवाय मी पूर्ण देऊ शकत नाही. ती 1961 च्या गुजरात सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली आहे की फ्लॅटमालकांची नुसती असोसिएशन आहे? भाडेकरू ठेवण्याबद्दल बायलॉजमध्ये नेमकं काय लिहिलंय? माझ्या बघण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये 'सोसायटीला कळवावे, फॉर्म भरावा' एवढंच असतं. तुमच्याकडेही तेवढंच असेल तर, माझ्या मते, देश किंवा रंग बघून भाडेकरू काढायला लावण्याचा अधिकार त्यांना नाही.

आपलं काम भक्कम करायला सुरुवात स्वतःच्या कागदांपासून करा. विरोध करणारे पहिला हात तिथेच घालतात. भाडेकरार, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, कॉलेजचं बोनाफाइड, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद, हे एका फाइलमध्ये ठेवा. परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची असते. आपण सगळे त्याला 'सी फॉर्म' म्हणतो. 1 सप्टेंबर 2025 पासून परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा आला, त्यातही ही जबाबदारी जागा देणाऱ्यावरच आहे. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना 14 दिवसांत स्वतःची नोंदणी करावी लागते, ती जबाबदारी त्या मुलींची, आणि बहुतेक वेळा कॉलेजचा विदेशी विद्यार्थी विभाग ती नोंदणी करून देतो. फॉर्म भरायचा राहिला की चूक घरमालकाची असते आणि बोलणी मुलींना बसतात, "यांचे कागदच नाहीत" म्हणून.

मग प्रमुखांना पत्र लिहा. फोन नको, ग्रुपवर नको. गुजरातीत लिहा, साधं लिहा, पोच घ्या. मजकूर साधारण असा: "आपण फोनवर माझ्या भाडेकरूंना काढण्यास सांगितले. त्यांचे सर्व कागदपत्र कायदेशीर असून प्रत सोबत जोडली आहे. भाडेकरू ठेवण्यास मनाई करणारा बायलॉज कोणता, त्याचा क्रमांक व प्रत द्यावी. जनरल मीटिंगमध्ये ठराव झाला असल्यास तारीख, उपस्थितांची नावे व ठरावाची प्रत द्यावी. माझ्या भाडेकरूंच्या वागण्याबद्दल तक्रार असल्यास तारीख व वेळेसह लेखी कळवावी, मी लक्ष घालीन." बहुतेक वेळा या पत्राला उत्तरच येत नाही. आलं तर त्यात 'आफ्रिकन' हा शब्द नसतो. 'त्रास', 'शिस्त', 'सोसायटीचे वातावरण' असे शब्द असतात. तिथून पुढे बोलणं शक्य होतं, कारण त्रास असेल तर तो मोजता येतो.

फतेहगंजमधल्या एका सोसायटीत केनियाच्या दोन मुलांवरून असंच पेटलं होतं. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून मीटिंग झाली. मी सोसायटीच्या मंत्र्यांना, म्हणजे सेक्रेटरींना, विनंती केली की एकेक तक्रार लिहून घ्या. त्यांनी मेन्टेनन्सच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहायला घेतलं. रात्री वॉशिंग मशीन चालतं. शनिवारी मित्र येतात, जिन्यात मोठ्याने बोलतात. मांसाहाराचा वास येतो. स्कूटर दुसऱ्याच्या जागेत लावतात. आमच्या मुली लिफ्टमध्ये एकट्या जायला घाबरतात. ड्रग्ज विकतात.

स्कूटर त्या मुलांकडे नव्हतीच. वॉशिंग मशीन खरं होतं. दिवसभर कॉलेज, म्हणून अकरानंतर लावायचे. जिन्यातलं बोलणंही खरं होतं. मशीन दहानंतर कुणीच लावायचं नाही असं ठरलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाचीही पंचाईत झाली, तेही रात्रीच लावायचे. त्यांच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती. ड्रग्जबद्दल मी विचारलं, कुणी पाहिलं? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाले, व्हिडिओ आला होता. मोबाइल काढून बघितला तर व्हिडिओ भलत्याच शहरातला, त्यातली माणसं भलतीच. लिफ्टच्या बाबतीत विचारलं, कधी काही बोलले, अडवलं, हात लावला? नाही. नुसते उभे असतात. मंत्र्यांनी ती ओळ स्वतःहून खोडली.

त्या मीटिंगला तळमजल्यावरच्या एक बा, म्हणजे आजीबाई, होत्या, युगांडातल्या कंपालात जन्मलेल्या. 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस दिले, तेव्हा त्या घरच्यांबरोबर इकडे आल्या. बडोद्यात आणि चरोतरात, म्हणजे आणंद-खेडा भागात, अशी घरं बरीच आहेत, अजून ती मोगो म्हणजे कसावा तळतात आणि शेंगदाण्यांना जुगू म्हणतात. बांनी त्या मुलांशी स्वाहिलीत दोन वाक्यं बोलल्यावर सगळे बघतच राहिले. पण त्यानंतर त्या जे म्हणाल्या ते मला जास्त मोलाचं वाटलं. त्या म्हणाल्या, "आम्हाला काढलं तेव्हा आम्ही खूप रडलो. पण तिथे असताना तिथल्या माणसाला आम्ही नोकर म्हणूनच घरात येऊ दिलं, जेवायला शेजारी कधी बसवलं नाही." हे स्वतःच्याच माणसांसमोर बोलायला धीर लागतो.

वातावरण निवळलं ते त्यांच्यामुळे, हे खरंच आहे. तरीही अशा एखाद्या बांच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक इमारतीत कंपालाची बा नसते. आणि त्या मुलांना राहायचा हक्क होता तो कागद नीट होते, भाडं देत होते म्हणून. ती कुणाला आवडली म्हणून नव्हे. मुली 'साध्या' आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या बोलक्या असत्या, रविवारी गाणी लावणाऱ्या असत्या, तरी उत्तर हेच असतं.

मांसाहाराचा मुद्दा तुमच्याकडेही निघेल. सोसायटीत तसा नियम असेल आणि तो सगळ्यांना लागू असेल तर करार करतानाच भाडेकरूंना सांगायला हवा होता. अजूनही बसून बोला. पण नियम नसेल आणि मराठी घरात रविवारी मटण शिजलेलं चालत असेल, तर टांझानियन मुलींच्या माशाचाच वास कसा येतो, हे विचारायला संकोच करू नका. बडोद्यात हा मुद्दा मुसलमानांना, दलितांना आणि मांसाहारी मराठी घरांनाही जागा नाकारायला वापरला गेलाय. आपल्याला तो ओळखू यायला हवा.

वॉचमनकडची वही एकदा स्वतः जाऊन बघा. एका प्रकरणात मी बघितली, तेव्हा शेवटच्या पानावर लाल पेनने रेघा मारून वेगळे रकाने केले होते, फक्त आफ्रिकन मुलींच्या एका फ्लॅटसाठी: किती वाजता गेल्या, किती वाजता आल्या, बरोबर कोण होतं. पासपोर्टच्या झेरॉक्स टाचणीला लावून टेबलावर उघड्या पडलेल्या. बाकी साठ-सत्तर घरांतली माणसं कधी येतात-जातात याची कुठे नोंद नाही. वॉचमनला दोष देऊ नका, त्याला सांगितलंय तसं तो करतो. नोंद ठेवायची तर सगळ्या पाहुण्यांची ठेवा, आणि पासपोर्टची प्रत कमिटीच्या कपाटात राहील, गेटवर नाही, एवढं लेखी मागा. तीच गोष्ट डिपॉझिटची. परदेशी म्हणून दुप्पट डिपॉझिट घेतलं असेल तर ते इतर भाडेकरूंच्या बरोबरीला आणा. हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

ग्रुपवरच्या अफवांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. 2016 च्या सुरुवातीला बंगळुरूत एका सुदानी चालकाच्या गाडीखाली एक महिला ठार झाली. थोड्याच वेळाने तिथून जाणाऱ्या टांझानियन विद्यार्थिनीला जमावाने मारहाण केली, तिची गाडी जाळली. देश वेगळा, गाडी वेगळी, माणूस वेगळा. सारखा फक्त रंग. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात एका मुलाच्या मृत्यूनंतर नायजेरियन विद्यार्थ्यांवर आरोप झाले, पुराव्याअभावी त्यांना सोडलं, तरी जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांवर हल्ले केले. माणसं खातात इथपर्यंत अफवा गेल्या होत्या. म्हणून ग्रुपवर काही आलं तर स्क्रीनशॉट ठेवा आणि त्याच दिवशी, त्याच ग्रुपवर, स्वतःच्या नावाने लिहा की हे खोटं आहे. वंशावरून गटागटांत वैर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली गुन्हा आहे, हेही लिहायला हरकत नाही.

देवाच्या कृपेने वेळ येऊ नये, पण धमकी, शिवीगाळ, अंगावर धावून जाणं, पाणी-वीज तोडणं असं काही झालं तर तो सोसायटीचा वाद राहत नाही. 112 ला फोन करा. गुन्हा दखलपात्र असेल तर हद्दीचं कारण सांगून पोलीस ठाणं तक्रार परत पाठवू शकत नाही, झिरो एफआयआर घ्यावीच लागते. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात नोंद. तक्रारीत जे शब्द उच्चारले गेले ते जसेच्या तसे लिहायला लावा. 'शिवीगाळ केली' एवढंच लिहिलं की वंशाचा मुद्दा तिथेच गळतो. तो का टिकवायचा? कारण नव्या संहितेत पाच किंवा जास्त जणांनी वंश, जात, जन्मस्थान अशा कारणावरून मिळून गंभीर दुखापत केली तर कलम 117(4) प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि खून केला तर 103(2) आहे. सुरुवातीच्या कागदात कारण नसेल तर ही कलमं लावणं पुढे फार जड जातं. कॉलेजच्या विदेशी विद्यार्थी विभागाला आणि दिल्लीतल्या टांझानियाच्या उच्चायुक्तालयाला त्याच दिवशी ईमेल जाऊ द्या. मुलींबरोबर ठाण्यात तुम्ही स्वतः जा. गुजराती बोलणारं, घरमालक म्हणून सही करणारं माणूस बरोबर असलं की वागणूक बदलते, हे मी अनेकदा पाहिलंय. तशी बदलायला नको, पण बदलते.

थोडं बाजूचं, पण सांगायला हवं. आफ्रिकी वंशाची माणसं म्हटलं की आपण विमानतळावरून आलेली माणसं डोळ्यांसमोर आणतो. इथून जवळच, झगडिया तालुक्यात रतनपूरला, बावा गोरच्या दर्ग्याभोवती सिद्दी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जांबूरच्या सिद्दी समाजातल्या हिराबाई लोबींना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. मराठी माणसाला मलिक अंबर आणि जंजिरा सांगायला नको. हे लोक भारताचे नागरिक आहेत, घरात गुजराती बोलतात, आणि तरी बडोद्यात खोली बघायला आले की "कुठल्या देशाचे?" असं त्यांना विचारलं जातं. त्यांच्या बाबतीत कलम 15 पूर्ण लागू आहे. हॉटेल, दुकान, करमणुकीच्या जागी अडवलं तर 15(2) खासगी माणसालाही बांधतं. सौराष्ट्राच्या काही जिल्ह्यांतले सिद्दी अनुसूचित जमातीत येतात, त्यांना अत्याचार प्रतिबंधक कायद्याचंही संरक्षण आहे. रतनपूरच्या सिद्दींना ते नाही, कारण यादी जिल्ह्यांवर बांधलेली आहे.

हे सगळं करण्याआधी त्या दोघींशी बोला. तुमच्या प्रश्नात त्यांचं काय म्हणणं आहे ते कुठेच आलेलं नाही. त्यांना भांडायचंय का? परीक्षा तोंडावर असेल, व्हिसाची धास्ती असेल, त्या म्हणतील आम्ही दुसरीकडे जातो. तो निर्णय त्यांचा, आणि तसं असेल तर डिपॉझिट पूर्ण परत द्या, नवी जागा मिळेपर्यंत राहू द्या, पुढच्या घरमालकाला स्वतः फोन करून चांगला शब्द टाका. त्या राहायचं म्हणाल्या तर तुम्ही उभे राहा. सोसायटीच्या मीटिंगला त्यांना हजर करायची गरज नाही. त्यांना समोर बसवून त्यांच्याच वासाबद्दल चर्चा चालते, ती मी ऐकलीय, ती कुणावर येऊ नये.

शेजाऱ्यांशी वाकडं येईल का? काही दिवस येईल. एखादे गृहस्थ जिन्यात बोलणार नाहीत. तुम्ही तिथे राहत नाही, तेव्हा तुम्हाला ते सोसायला फार जड जाऊ नये. त्या मुली मात्र रोज त्याच जिन्याने चढतात. माझ्या अनुभवात खरी परीक्षा अकराव्या महिन्यात येते. तोवर भांडण थंडावलेलं असतं आणि घरमालक करार पुढे न्यायचं नुसतं टाळतो, "घर घरच्यांना हवंय" म्हणतो. तुमच्याकडे तसं होणार असेल तर आत्ताच त्यांना सांगा, नसेल तर नूतनीकरणाचं कलम आत्ताच करारात घाला.

बायलॉजची प्रत मिळाली की भाडेकरूंबद्दलचं कलम इथे टाका, मी बघून सांगते. आणि सी फॉर्म भरलेला नसेल तर बाकी सगळं उद्यावर ठेवा, तो आज रात्री भरा; उशीर का झाला ते खरं लिहा.